एका कडू-गोड पेयाचा रसविचार

पाककृतींचीं पुस्तकें वाङ्मय म्हणून वाचावयाचीं नसतात, असा आपल्याकडे एक समज आहे. तीं स्वयंपाकघरांतील फळीवर, हळदीचे डाग अंगावर वागवीत पडावयाचीं; त्यांची समीक्षा करावयाची ती जेवणारानें, आणि तीहि शब्दांनीं नव्हे, तर दुसऱ्यांदा वाढून घेऊन किंवा न घेऊन! हा समज आम्हांस मान्य नाहीं. थोड्या शब्दांत एखादी वस्तु अशी सांगावयाची कीं, सांगणाराच्या पश्चात्, त्याच्या गांवापासून हजारों कोस दूर, त्याचें तोंडहि न पाहिलेल्या माणसाच्या हातून ती पुन्हा निर्माण व्हावी, हें काम सोपें नाहीं. कवीला तरी याहून फारसें वेगळें काय साधावयाचें असतें? या दृष्टीनें आज आम्ही एका अत्यंत लहान कृतीचा विचार योजिला आहे. ती कृति ब्रँडी-कॉकटेलची आहे हें वाचून कांहीं वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, त्यांनीं लेख शेवटपर्यंत वाचावा. त्या आठ्यांनाहि या समीक्षेंत जागा ठेविलेली आहे.

बारमध्यें पेयें मिसळून देण्याचा धंदा करणाऱ्या जेरी टॉमस या अमेरिकन गृहस्थानें १८६२ सालीं 'हाउ टु मिक्स ड्रिंक्स' हें पुस्तक न्यूयॉर्क येथें प्रसिद्ध केलें. कॉकटेल या पेयप्रकाराच्या कृति छापणारें पहिलें पुस्तक म्हणून तें ओळखलें जातें. अमेरिकेंत त्या वेळीं यादवी युद्ध चाललें होतें. पण पुस्तकांत त्याचा धूर कोठेंहि दिसत नाहीं. त्यांतील ब्रँडी-कॉकटेलची कृति इतकी आटोपशीर आहे कीं, ती पोस्टकार्डाच्या एका कोपऱ्यांत मावेल. डिंक घातलेल्या साखरेच्या पाकाचे ३-४ शिंतोडे, कडू अर्काचे २, नारिंगाच्या सालीपासून केलेल्या 'क्युरासाओ' नामक गोड मद्याचे १-२, आणि ब्रँडी एक वाइन-ग्लास. हें माप त्या काळीं २ औंसांचें, म्हणजे सुमारें ६० मिलिलिटरांचें असे. वरून लिंबाच्या सालीचा पीळ, पेल्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका बर्फ, आणि चमच्यानें ढवळणें. कृति संपली. तिच्या पाठोपाठ 'फॅन्सी' ब्रँडी-कॉकटेल म्हणून जी दुसरी कृति दिली आहे, तींत द्रव्यें तींच. फक्त पेय नक्षीदार पेल्यांत गाळावयाचें, पेल्याच्या कडेवर लिंबू फिरवावयाचें आणि साल वर तरंगत ठेवावयाची. अर्थ एकच, केवळ अलंकार निराळा! आमच्या साहित्यशास्त्रकारांना हा भेद समजावून सांगावा लागला नसता.

या छोट्या ग्रंथभागाला पाठभेदाचाहि प्रश्न आहे. १८६२ च्या आवृत्तींत कडू अर्काचें नांव 'बोगार्ट्स' असें छापलें आहे. या नांवाचा अर्क शोधूं लागलें तर सांपडत नाहीं. अभ्यासकांचें मत असें कीं, हा अपपाठ आहे. मूळ शब्द 'बोकर्स'. बोकर्स हा न्यूयॉर्कमध्यें एकोणिसाव्या शतकांत सर्वत्र खपणारा कडू अर्क होता. कान फसला कीं खिळे जुळविणाराचा हात, हें आज सांगतां येणार नाहीं. परंतु ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांतील पाठांवर वाद घालणाऱ्या आपल्या समाजाला एका अक्षराची चूक केवढी महाग पडते हें ठाऊक आहे. येथें तर ती अधिकच महाग पडली. कारण पुढें १९२० ते १९३३ पर्यंत अमेरिकेंत दारूबंदी झाली, आणि खुद्द बोकर्सहि तींत टिकला नाहीं. आज त्याच्या अनुकरणानें केलेले अर्क मिळतात. परंतु शब्द चुकीचा, आणि शब्द दुरुस्त करावा तों वस्तूच नाहींशी झालेली, अशी या कृतीची दुहेरी अडचण आहे. ग्रंथ जपला म्हणजे चव जपली असें होत नाहीं, हें यावरून दिसतें.

बोकर्सच्या जागीं आज बहुधा 'अँगोस्टुरा' वापरतात. त्याचा इतिहास मनोरंजक आहे. सिमोन बोलिव्हारच्या सैन्यांत डॉ. झीगर्ट नांवाचे जर्मन शल्यवैद्य होते. व्हेनेझुएलांतील अँगोस्टुरा या गांवीं सैनिकांच्या पोटाच्या विकारांवर उपाय शोधतां शोधतां १८२४ सालीं त्यांनीं हा अर्क सिद्ध केला. पुढें धंदा त्रिनिदाद बेटावर गेला, गांवाचें नांव बदलून स्यूदाद बोलिव्हार झालें, पण बाटलीवर जुनें नांव राहिलें. या अर्काचा कडूपणा मुख्यतः जेन्शन नांवाच्या वनस्पतीच्या मुळाचा. ज्या कुळांत ही वनस्पति मोडते, त्याच कुळांत आपलें काडेचिराईतहि मोडतें. तापाच्या दिवसांत ज्यांनीं लहानपणीं काडेचिराईताचा काढा नाक दाबून घेतला असेल, त्यांची या अर्काच्या वंशाशीं ओळख आधींच झालेली आहे. तात्पर्य, हा परदेशी पेला आपण समजतों तितका परका नाहीं. त्याचा उगम पानगृहांत जितका, तितकाच औषधालयांत आहे.

आतां प्रश्न असा कीं, गोड द्रव्यांत मुद्दाम कडू घालावेंच कां? चरकसंहितेंत तिक्त रसाविषयीं एक मार्मिक निरीक्षण आहे. हा रस स्वतः रुचकर नसतो, तथापि अरुचि तोच घालवितो. (वाचकांनीं येथें एक शब्दाची गंमत ध्यानांत ठेवावी. संस्कृतांत 'तिक्त' म्हणजे कडू आणि 'कटु' म्हणजे मिऱ्यासारखें झोंबणारें. त्याच 'कटु'पासून आलेला मराठी 'कडू' मात्र तिक्ताच्या जागीं जाऊन बसला आहे.) आधुनिक शास्त्रज्ञ याच गोष्टीकडे निराळ्या बाजूनें पाहतात. गोडाची जाणीव करून देणारी ग्राहकांची मुख्य जोडी मनुष्याच्या जिभेवर एकच आहे. कडूसाठीं मात्र सुमारें २५ प्रकारचे ग्राहक आहेत. याचें कारण असें दिसतें कीं, वनस्पतींतील पुष्कळशीं विषें कडू असतात, आणि जिभेला त्यांची पारख ठेवावी लागली. गोड हें आमंत्रण आहे. कडू ही इशारत आहे. ज्या पेल्यांत दोन्ही एकत्र येतात, त्यांत जीभ क्षणभर थबकते, आणि त्या थबकण्यांतच चवीकडे लक्ष जातें. नुसतें गोड पेय गिळलें जातें. कडू-गोड पेय चाखावें लागतें.

आपल्या साहित्यशास्त्रानें रसाचा उलगडा करतांना पेयाचाच दृष्टांत घेतला, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें. भरतानें नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत नाना द्रव्यांच्या संयोगानें निष्पन्न होणाऱ्या स्वादाची उपमा दिली. अभिनवगुप्त, मम्मट, विश्वनाथ यांनीं ती पुढें चालविली, आणि तींतून 'पानकरसन्याय' रूढ झाला. पानकांत साखर असते, मिरीं असतात, आणखी कितीतरी असतें. पण पिणाराला साखर निराळी, मिरीं निराळीं असें कळत नाहीं. या सर्वांहून भिन्न असा एकच स्वाद अनुभवास येतो. काव्यांतील विभाव, अनुभाव वगैरे सामग्रीचेंहि असेंच. टॉमसच्या कृतीस ही कसोटी लावून पाहावी. ६० मिलिलिटर ब्रँडीस कडू अर्क २ मिलिलिटरांहूनहि कमी पडतो. तो 'मी आलों' असें ओरडून सांगत नाहीं. पण काढून घेतला तर पेला म्हणजे साखर घातलेली ब्रँडी उरते. क्युरासाओची योजना तर कवीला शोभेल अशी आहे. त्याच नांवाच्या बेटावर स्पॅनिश लोकांनीं लाविलेलीं नारिंगें तेथील कोरड्या जमिनींत इतकीं कडवट झालीं कीं, फळ खाण्याच्या लायक राहिलें नाहीं. सुगंध तेवढा सालींत उरला. तेव्हां हें द्रव्य जन्मानें कडू आणि संस्कारानें गोड. एका टोंकाला पाक, दुसऱ्या टोंकाला कडू अर्क, आणि मध्यें दोहोंशीं नातें सांगणारें हें तिसरें. संधि साधावयाचा तो येथें साधला आहे.

या कृतीच्या ज्या घरगुती आवृत्ति आज दृष्टीस पडतात, त्यांविषयीं मात्र असें म्हणवत नाहीं. पहिला दोष ब्रँडीचाच. ब्रँडी म्हणजे वाइनचें, अर्थात् द्राक्षमद्याचें, ऊर्ध्वपातन. 'जाळलेली वाइन' या अर्थाच्या डच शब्दावरून तिचें नांव आलें. फ्रान्समधील कोन्याक प्रांताची ब्रँडी तांब्याच्या भट्टींत दोनदां काढून निदान २ वर्षें ओकच्या पिंपांत मुरवितात. आपल्या बाजारांत ब्रँडी या नांवाखालीं जें विकलें जातें, त्यांतील पुष्कळसें मळीच्या मद्यार्कावर आधारलेलें असतें. द्राक्षाचा उल्लेख चिठ्ठीवर आहे कीं नाहीं हें न पाहतां कृतीला नांवें ठेवणें म्हणजे भाषांतर वाचून मूळ कवीवर टीका करण्यासारखें आहे. दुसरा दोष घुसळण्याचा. ज्या पेयांत फळाचा रस, दूध किंवा अंडें असतें तें घुसळावें. येथें तसें कांहींच नाहीं. घुसळल्यानें हवा शिरते आणि पेय गढूळ होतें. मोठ्या, कठीण बर्फावर अर्धा मिनिट शांतपणें ढवळलें म्हणजे बर्फाचें पाणी मूळ पेयाच्या सुमारें चौथाईइतकें त्यांत उतरतें, आणि तेवढेंच पाहिजे. हें पाणी कृतींत लिहिलेलें नसतें. पण त्यावांचून मद्याची धार बोथट होत नाहीं आणि सुगंध मोकळा होत नाहीं. अर्धवट वितळलेले लहान खडे टाकले तर तेंच पाणी दुपटीनें उतरतें, आणि सर्वच चव वाहून जाते.

तिसरा दोष आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. क्युरासाओ महाग म्हणून त्याच्या जागीं नारिंगाचें तयार सरबत ओततात. कडू अर्क मिळत नाहीं म्हणून तो गाळतात. आणि हें सर्व करून पुन्हा त्याच नांवानें पाहुण्यांपुढें ठेवतात. सरबताला आमचा विरोध नाहीं. परंतु कडू वगळून उरलेल्या गोडाला कडू-गोडाचें नांव देणें ही वाङ्मयांतहि आम्हांस परिचित असलेली लबाडी आहे. शोकांतिकेचा शेवट बदलून ती 'कुटुंबासह पाहण्यासारखी' करणारे निर्माते आणि दुःखाच्या कथेंत शेवटच्या पानावर लग्न लावून देणारे लेखक हेंच करीत असतात. कागदी लिंबाच्या पातळ सालीऐवजीं मोसंबीच्या सालीचा वरचा तेलकट पापुद्रा घेतला, तर तो बदल आम्ही आनंदानें मान्य करूं. तो देशकालाप्रमाणें केलेला अनुवाद आहे. पण वाक्यांतील क्रियापदच गाळलें तर त्यास अनुवाद कोण म्हणेल? नांव राहून वस्तु बदलण्याचें याहून ठळक उदाहरण न्यू ऑर्लीन्स शहराचें आहे. तेथील 'साझेराक' हें कॉकटेल एका कोन्याक ब्रँडीच्या नांवावरून ओळखलें जाऊं लागलें. पुढें फिलॉक्सेरा नांवाच्या किडीनें फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, ब्रँडी दुर्मिळ झाली, आणि तिच्या जागीं राय धान्याची व्हिस्की आली. नांव ब्रँडीचें, पेल्यांत व्हिस्की! तरीहि तेथील लोकांनीं कडू अर्क सोडला नाहीं, म्हणूनच पेयाचा आत्मा शाबूत राहिला असें आम्ही समजतों.

येथवर गुणदोषविवेचन झालें. आतां त्या आठ्यांकडे वळूं. टॉमसच्या कृतींत सर्व कांहीं आहे. एक गोष्ट नाहीं. हा पेला प्याल्यानंतर काय, हें तींत कोठेंच लिहिलेलें नाहीं. पुस्तकाच्या प्रस्तावनेंत, मनुष्यानें असलीं पेयें प्यावीं कीं वर्ज्य करावीं हा प्रश्न नीतिवेत्त्यांकडे सोपवून मंडळी मोकळी झाली आहेत. त्यांच्या आधीं ५६ वर्षें मात्र असें नव्हतें. न्यूयॉर्क संस्थानांतील हडसन या गांवच्या एका वृत्तपत्रानें मे १८०६ मध्यें, निवडणुकींत पडलेल्या एका उमेदवारानें मतदारांच्या पेयांवर केलेल्या खर्चाची थट्टेनें यादी दिली. तींत 'कॉकटेल' हा शब्द होता. एका वाचकानें त्याचा अर्थ विचारला, आणि १३ मेच्या अंकांत संपादकांनीं उत्तर दिलें: मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचें मिश्रण. कॉकटेलची ही पहिली छापील व्याख्या. (न्यू ऑर्लीन्सच्या पेशो नांवाच्या औषधविक्यानें अंड्याच्या पेल्यांत पेय दिलें व त्या पेल्याच्या फ्रेंच नांवावरून हा शब्द निघाला, ही कथा लोकप्रिय असली तरी खरी नव्हे, शब्द छापला गेला तेव्हां हे पेशो जेमतेम पाळण्यांतून बाहेर पडले होते.) परंतु संपादक व्याख्येवर थांबले नाहींत. एक पेला गिळणारा माणूस पुढें कांहींहि गिळावयास तयार होतो, म्हणून हें पेय प्रतिपक्षाच्या उमेदवारांना फार उपयोगी, असा टोमणाहि त्यांनीं जोडून दिला. म्हणजे मूळ व्याख्येंतच इशारत होती. १८६२ पर्यंत अर्काचा कडूपणा राहिला. इशारतीचा कडूपणा गळून पडला.

आमच्या मराठी वाङ्मयानें याच्या बरोबर उलट केलें आहे. ब्रँडीला आपल्या मध्यमवर्गीय घरांत ठरलेली जागा औषधांच्या कपाटांत. आणि मद्याला आपल्या वाङ्मयांत ठरलेली जागा विनाशाच्या नाटकांत. राम गणेश गडकऱ्यांचा 'एकच प्याला' त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ सालीं रंगभूमीवर आला. त्यांतील सुधाकर बुद्धिमान् वकील. अपमानाचें दुःख विसरण्यासाठीं तो पहिला प्याला उचलतो, आणि संसार, मूल, सिंधु व अखेर स्वतः, सारें त्या प्याल्यांत बुडतें. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाचा विनोद या काळोखावर हंशा पिकवितो, पण काळोख कमी करीत नाहीं. या नाटकांत प्याल्याची चव कोणी चाखीत नाहीं. प्यालाच माणसांना चाखतो. शंभराहून अधिक वर्षें झालीं, तरी मद्यासंबंधीं आपलें सर्व बोलणें या नाटकाच्या सांवलींत चालतें, आणि ज्या घरांत सुधाकर होऊन गेला त्या घराला ही सांवली अतिशयोक्त वाटत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं, मद्याचें कोणतेंहि प्रमाण आरोग्यास पूर्णपणें निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें स्पष्ट केलें. महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें मद्य बाळगण्यास व पिण्यास आजहि परवाना लागतो. कपाळावरच्या आठ्या केवळ सोंवळेपणाच्या नाहींत.

तरीहि टॉमसच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या कृतीचा प्राण माप हा आहे. एक वाइन-ग्लास, २ शिंतोडे, ३ शिंतोडे. प्रत्येक द्रव्यास त्यानें हद्द घालून दिली आहे, आणि मापावांचून हें पेय होतच नाहीं. सुधाकराच्या प्याल्याला माप नव्हतें, म्हणूनच 'एकच' या शब्दांतला उपरोध इतका भयंकर झाला. क्षेमेंद्रानें ज्याला औचित्य म्हटलें, तें पेल्यांत माप या नांवानें येतें. उणीव एवढीच कीं, टॉमसनें पेल्याच्या आंतलें माप लिहिलें आणि पेल्यांचें माप लिहिलें नाहीं. गडकऱ्यांनीं दुसरें माप चुकल्याचा परिणाम दाखविला आणि पहिल्याकडे पाहण्याचें त्यांस कारणच नव्हतें. आमच्या मतें हीं दोन्ही पुस्तकें एकाच फळीवर शेजारीं शेजारीं ठेवावीं. एकटें टॉमसचें पुस्तक फार गोड आहे. एकट्या गडकऱ्यांच्या नाटकावरून चवीचा विचार करतां येत नाहीं.

मराठींत अशा पेयांवर लिहिणारे लेखक आतां पुढें येत आहेत. त्यांनीं अर्काच्या दोन शिंतोड्यांइतक्याच काटेकोरपणें, 'हें एका माणसास एका संध्याकाळीं पुरे' असें शेवटचें वाक्य लिहावें, ही आमची सूचना आहे. तें नीतीचें प्रवचन होणार नाहीं. तें कृतीचेंच अंग आहे. आणि ज्यांच्या घरीं हा पेला येणार नाहीं, त्यांचें या रसविचारांत कांहींच नुकसान नाहीं. वर्षप्रतिपदेस कडुनिंबाचीं कोवळीं पानें, गूळ, चिंच, ओवा, मिरीं, हिंग आणि मीठ वाटून जी गोळी हातावर पडते, ती मुलें तोंड वांकडें करून गिळून टाकतात. पुढच्या पाडव्यास ती न गिळतां सावकाश चघळून पाहावी. गूळ कोठें संपला आणि निंब कोठें सुरू झाला हें सांगतां आलें नाहीं, तर पानकरसन्याय म्हणजे काय हें पुस्तकावांचून कळलें असें समजावें.